"आलोच" म्हणजे किती वाजता?



"दादा, गाडी कुठवर आली?"
"आलोच ताई, दहा मिनिटांत."

हे बोलणं ऐकलं नाही अशी बाई आपल्या तालुक्यात सापडायची नाही. ती दहा मिनिटं कधी अर्ध्या तासाची होतात, कधी दोन तासांची. तोवर गोण्या भरून ठेवलेल्या असतात, हमाल बसून असतात, घरी जनावरांच्या धारा काढायच्या राहिलेल्या असतात. मग आपण म्हणतो, "ड्रायव्हर लोक खोटंच बोलतात." आणि तिकडं ड्रायव्हर म्हणतो, "यांना काय, सावलीत बसून फोन करायचा."

शेवगावला रेल्वे नाही. आपला कांदा, कापूस, तूर, ऊस, दूध, जे काही बाहेर जातं ते रस्त्यानंच जातं. पूर्वी गाडी ठरवणं हे गड्यांचं काम समजलं जायचं. आता गट एकत्र येऊन माल पाठवतात. गाडी बोलावणं, पत्ता सांगणं, भाडं ठरवणं, रात्री फोन करणं ही कामं बाया करतात. मोठ्या ट्रान्सपोर्टमध्ये या कामाला पगारी माणूस असतो, त्याला डिस्पॅचर म्हणतात. आपल्याकडे ती 'गाडी बघणारी ताई' असते. ती आणि ड्रायव्हर यांच्या बोलण्यात घोळ कुठे होतो आणि तो कसा टाळायचा, हा या वेळचा पाठ आहे.

माझ्या घरची गोष्ट

आमच्या घरच्यांनी बारा-तेरा वर्षं ट्रक चालवला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ते पुण्याहून रिकामी गाडी घेऊन येत होते. आदल्या दोन रात्री झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेवगावात भरणा होता. ज्यांच्याकडे गाडी लावलेली होती त्यांचा फोन, "कुठवर आलास?" यांचं उत्तर, "आलोच." खरं तर त्यांना शिरूरला दोन तास झोपायचं होतं. पण तसं सांगितलं तर भाडं दुसऱ्याला जाईल, ही भीती. तेव्हा झोपले नाहीत.

सुप्याच्या अलीकडे डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून खाली गेली. जीव वाचला, पायात सळई पडली. मी किती तरी दिवस त्या भरणावाल्याला शिव्याशाप देत होते. पुढे एकदा सहज यांचा जुना फोन हातात आला. त्या रात्री साडेतीन ते साडेचार या वेळात सात फोन येऊन गेले होते. त्यातले दोन त्या माणसाचे. पाच माझे होते.

मी काळजीनं करत होते. पण गाडी चालवणाऱ्याला काळजीचा फोन आणि घाईचा फोन सारखाच वाजतो. म्हणून हा पाठ फक्त माल पाठवणाऱ्या तायांसाठी नाही. ज्यांच्या घरचं माणूस गाडीवर आहे, त्या सगळ्यांसाठी आहे.

फसवे शब्द

बरेचसे घोळ रागामुळे होत नाहीत, साध्या शब्दांमुळे होतात. आपल्याला वाटतं आपण स्पष्ट बोललो. खालची उदाहरणं बघा.

गावाचं नाव. "घोडेगावला कांदा टाकायचा" म्हटलं की आपल्याला नेवासा तालुक्यातलं घोडेगाव दिसतं. पण पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाणही घोडेगावच आहे. खरवंडी नेवाशात आहे आणि खरवंडी कासार पाथर्डीत आहे. वाशी म्हटलं की आपल्याला नवी मुंबईचं मार्केट आठवतं. धाराशिवकडच्या ड्रायव्हरला त्याच्या जिल्ह्यातला वाशी तालुका आठवला, तर त्यात त्याची चूक नाही. शिवाय आता जिल्ह्यांची नावं बदलली. आपण तोंडानं नगर म्हणतो, पाटीवर अहिल्यानगर असतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. परराज्यातल्या ड्रायव्हरला ही दोन नावं एकाच गावाची आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि एक ठळक खूण, एवढं सांगितल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही.

वेळ. "परवा गाडी पाठवा." मराठीत परवा म्हणजे गेलेलाही दिवस आणि येणाराही. हिंदी बोलणाऱ्या ड्रायव्हरचं 'कल' तसंच, कालही आणि उद्याही. "शनिवारी रात्री बाराला" म्हणजे शुक्रवारची रात्र संपताना की शनिवारची? "सकाळी लवकर" म्हणजे आपल्याला सहा वाटतात, ड्रायव्हरला नऊ. तेव्हा वार, तारीख आणि तास तिन्ही सांगायचं.

आकडा. फोनमध्ये सतरा आणि सत्तर सारखेच ऐकू येतात. एकोणतीस आणि एकोणचाळीस तर समोरासमोरही चुकतात. आकडा सांगताना तोडून सांगा: "सत्तर गोण्या. सात, शून्य."

आणि आपला लाडका शब्द, "आलोच". तो वेळ सांगत नाही. तो फक्त "रागावू नका" एवढंच सांगतो. त्याच्याऐवजी विचारायचं, "दादा, आता कोणत्या गावात आहात?" गावाचं नाव कळलं की पुढचा हिशोब आपल्याला येतो.

सांगितलं म्हणजे पोचलं असं नाही

आता या पाठातली मुख्य गोष्ट. निरोप आपण बोललो तेव्हा पूर्ण होत नाही. समोरच्यानं तो स्वतःच्या तोंडानं परत सांगितला, तेव्हा पूर्ण होतो.

रेल्वेचं फाटक बघा. ज्या फाटकाचा सिग्नलशी जोड नसतो, तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी येत असल्याचं सांगतो. गेटमन नुसतं "हो साहेब" म्हणत नाही. तो फाटक बंद करतो आणि आपल्याजवळच्या यादीतला एक ठरावीक नंबर मास्तरला सांगतो. मास्तर तो वहीत लिहितो. नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद झालं. "हो" वर रेल्वे चालत नाही.

विमानातही असंच आहे. जमिनीवरून सांगितलेली उंची वैमानिकानं परत बोलून दाखवायची असते. तरीही चूक झाली तर काय होतं, ते आपल्या देशानं पाहिलं आहे. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं हवेत धडकली आणि 349 माणसं गेली. कझाकस्तानहून येणाऱ्या विमानाला 15 हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याच्याही खाली उतरलं. समोरून 14 हजार फुटांवर सौदीचं विमान येत होतं. त्या कझाक विमानात खालच्या लोकांशी बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. इंग्रजीही कच्चं होतं.

आपल्याकडे हे रोज घडतं. फोन क्लीनर घेतो, गाडी ड्रायव्हर चालवतो. आपण क्लीनरला सांगून मोकळ्या होतो.

म्हणून सवय लावायची. सगळं सांगून झालं की म्हणायचं, "दादा, माझं काही चुकलं असेल तर बघू, मी काय सांगितलं ते एकदा म्हणून दाखवा." हे म्हणण्यात त्याचा अपमान नाही, कारण आपण आपलीच चूक शोधतोय. त्यानं "वाशी, नवी मुंबई, कांदा मार्केट, गाळा नंबर अमुक, शनिवारी पहाटे चार" असं सांगितलं की निरोप पोचला. क्लीनरनं फोन घेतला तर निरोप अर्धाच. गाडी थांबवून ड्रायव्हरनं फोन करावा, एवढंच सांगायचं.

आधी हिशोब, मग फोन

उशीर रस्त्यात होतो असं आपण समजतो. बहुतेक वेळा तो शेडमध्येच झालेला असतो. एक हिशोब करून बघू.

शेवगाव ते नवी मुंबईचं वाशी मार्केट साधारण 300 किलोमीटर. भरलेला ट्रक, वाटेत घाट, गर्दी. तासाला सरासरी 35 किलोमीटर धरले तर साडेआठ तास चालायला लागतात. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन विश्रांती, म्हणजे एक तास. टोल, डिझेल, गर्दी यांना आणखी एक तास. झाले साडेदहा तास. माल पहाटे 4 ला पोचायचा असेल तर गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला निघाली पाहिजे. भरायला अडीच तास लागतात, तेव्हा गाडी दुपारी 3 ला शेडवर हवी. आणि 3 वाजता गोण्या शिवून तयार हव्यात.

आपण काय करतो? गाडी "संध्याकाळी" बोलावतो. गोण्या भरणं आठपर्यंत चालतं. ताडपत्री बांधून गाडी निघते रात्री नऊला. आणि पोचायची वेळ मात्र पहाटे चारचीच ठेवतो. हे साडेतीन तास आपण खाल्ले. ते भरून काढायला ड्रायव्हरनं झोप सोडावी, हा आपला आग्रह.

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा होता. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो 2025 पर्यंत लागू होता. त्यात सलग पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती आणि दिवसाचं काम साधारण आठ तासांचं धरलं होतं. एकट्या मालक-ड्रायव्हरला हा कायदा लागू होत नसे, पण झोप त्यालाही माणसासारखीच लागते. तेव्हा गाडी उशिरा निघाली तर पोचायची वेळही त्याच वेळी पुढे ढकलायची आणि आडत्याला तेव्हाच कळवायचं. ते काम ड्रायव्हरचं नाही, आपलं आहे.

फोन कधी करायचा

गाडी 60 च्या वेगानं चालली असेल तर एका सेकंदात ती जवळपास 17 मीटर पुढे जाते. कुणाचा फोन आहे हे बघायला पाच सेकंद लागले, तर गाडी 80 मीटरहून जास्त अंतर न बघता गेली. गाडी चालवताना हातात फोन धरणं हा कायद्यानं गुन्हाही आहे. दंड ड्रायव्हर भरतो, फोन मात्र आपण केलेला असतो.

यावर चार साधे नियम:

1. फोनची ठिकाणं आधी ठरवा. वाशीच्या गाडीला तीन पुरेत: नगर ओलांडल्यावर, चहा-जेवणाच्या थांब्यावर आणि मार्केटच्या गेटवर. फोन ड्रायव्हर करेल, थांबून करेल. आपण करायचा नाही.
2. मधे काही कळवायचंच असेल तर व्हॉट्सअॅपवर बोलून संदेश ठेवा. तो गाडी थांबल्यावर ऐकेल. वाचायला न येणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो.
3. ड्रायव्हरची तयारी असेल तर निघताना व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन घ्या. ते एका वेळी आठ तासांपर्यंत चालू राहतं. गाडी कुठे आहे हे न विचारता दिसतं.
4. एका गाडीला इकडून एकच फोन. अध्यक्ष, सचिव, ज्यांचा माल आहे त्या पाच जणी आणि तिकडून आडत्या, असे सगळे फोन करू लागले तर तो कुणाचं ऐकणार? ज्या ताईचा नंबर चिठ्ठीवर आहे, तिनंच बोलायचं. बाकीच्यांनी तिला विचारायचं.

अपघात झाला तर 108 ला रुग्णवाहिका आणि 112 ला पोलीस मिळतात. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा नंबर आहे. हे तिन्ही चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.

खरं बोलला म्हणून कुणाला मार पडू नये

ड्रायव्हर "आलोच" का म्हणतो? त्याला खरं बोलण्याची किंमत माहीत आहे. "टायर पंक्चर झाला" म्हटलं की आपण म्हणतो, "तुमचं नेहमीचंच." "झोप येतेय" म्हटलं की आपण म्हणतो, "मग भाडं घेतलं कशाला?" दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो खरं सांगत नाही. मग आपल्याला ना गाडी कळते, ना अडचण.

आपल्याच गटाचं बघा. हप्ता चुकला की जी बाई मीटिंगला येऊन अडचण सांगते, तिला आपण सगळ्यांसमोर बोललो, तर पुढच्या वेळी ती मीटिंगलाच येत नाही. ड्रायव्हरचंही तेच.

म्हणून वाईट बातमीचा फोन आला की पहिलं वाक्य ठरवून ठेवा: "बरं झालं सांगितलंत. आता किती वाजतील?" राग आला असेल तर गाडी पोचल्यावर बोला. चालत्या गाडीशी भांडण नको.

वजनाचंही तसंच. "ताई, एवढा माल गाडीत बसत नाही" असं ड्रायव्हर म्हणाला तर "बसवा हो, दहाच गोण्या" म्हणू नका. जास्त वजनाला मोटार वाहन कायद्यात 20 हजार रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला 2 हजार आणखी. हा दंड फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही होऊ शकतो.

त्याचीही बाजू ऐकायची. मार्केटला गाडी खाली व्हायला तासन्‌तास लागले तर त्याची खोटी होते. पाणी नाही, संडास नाही, आणि पुढचं भाडं हातचं जातं. हॉल्टिंग किती तासांनंतर लागेल, हमाली कुणी द्यायची, हे आधी ठरलं नाही तर पहाटे गाळ्यावर भांडण ठरलेलं.

उसाच्या फडावर

आपल्या तालुक्यातल्या आणि शेजारच्या पाथर्डीतल्या कितीतरी मैत्रिणी ऊसतोडीला जातात. तिथे ही साखळी आणखी लांब असते. कारखान्याच्या गट ऑफिसातून चिठबॉय, चिठबॉयकडून मुकादम, मुकादमाकडून ड्रायव्हर आणि शेवटी टोळी. "गाडी दोन वाजता" हा निरोप पाच तोंडांतून येईपर्यंत दुपारचे दोन की रात्रीचे, हेच राहून जातं. बाई दिवसभर तोडून थकलेली असते. गाडी रात्री येते तेव्हा पोराला कुशीतून बाजूला ठेवून मोळ्या वाहायला उठते. गाडी आलीच नाही तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि टोळीची मजुरीही घटते.

इथे आपण डिस्पॅचर नाही. पण टोळीतल्या एका बाईनं ड्रायव्हरचा नंबर स्वतःकडे ठेवला आणि मुकादमाला "दुपारचे दोन की रात्रीचे? कोणत्या तारखेला?" एवढं विचारलं, तरी कितीतरी रात्रींची झोप वाचेल. विचारणं म्हणजे उलट उत्तर देणं नव्हे.

गाडीची चिठ्ठी

वहीच्या पानावर दोन प्रती करा. एक ड्रायव्हरला, एक गटाच्या फाइलला.

- तारीख, वार, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव
- माल, गोण्या किती (आकड्यात आणि अक्षरात), अंदाजे वजन
- कुठे: गाव, तालुका, जिल्हा, गाळा नंबर, जवळची खूण
- शेडवर यायची वेळ, निघायची वेळ, पोचायची वेळ (तारखेसह)
- थांबून फोन करायची ठिकाणं
- इकडचा एक फोन, तिकडचा एक फोन
- भाडं, दिलेला अॅडव्हान्स, हमाली कुणाची, हॉल्टिंग किती तासांनंतर
- शेवटची ओळ: "ड्रायव्हरनं सगळं परत सांगितलं: हो / नाही"

ती शेवटची ओळ रिकामी असेल तर गाडी सोडायची नाही.

मीटिंगमध्ये करून बघा

कानगोष्टींचा खेळ घ्या. पहिल्या ताईच्या कानात सांगा: "सतरा तारखेला रात्री दोनला खरवंडी कासारला एकोणचाळीस गोण्या." दहाव्या ताईनं काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचं. हसून झालं की खेळ पुन्हा घ्या. या वेळी प्रत्येकीनं ऐकलेलं परत सांगायचं आणि मगच पुढे द्यायचं. दोन्ही वेळचा फरक फळ्यावर लिहा.

मग या प्रश्नांवर बोला:

1. मागच्या हंगामात आपल्या गटाचा माल कधी अडकला? घोळ शब्दाचा होता, वेळेचा होता की भीतीचा?
2. आपल्यापैकी किती जणींच्या घरचं माणूस गाडीवर आहे? त्यांना आपण कोणत्या वेळी फोन करतो?
3. आपल्या गटात गाडीचा एकच फोन कुणाचा असावा?

जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा आणि सह्या घ्या.

आमच्या घरचे आता लांबची गाडी चालवत नाहीत. गटाच्या शेडवर वजनकाटा सांभाळतात. गाडी निघताना चिठ्ठी मी वाचते आणि ड्रायव्हर परत सांगतो. शेवटी हे आपलं एक वाक्य बोलतात, "झोप आली तर झोप रे बाबा, ताईला मी सांगतो." ड्रायव्हर हसतो. पण मागच्या महिन्यात एकानं खरंच शिरूरजवळून फोन केला, "ताई, दोन तास झोपतो, सहा वाजतील." मी आडत्याला कळवलं. कांदा सहाला लागला. भाव थोडा उतरला, पण गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही धड घरी आले.